पाऊण वाटीचे मामा

इंदुरात खाण्यावर जीव टाकणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात; पण खाण्याच्या बाबतीत माझ्या बायकोच्या मामांइतका सचोटीचा माणूस अख्ख्या माळव्यात झाला नसेल, हे मी पैजेवर सांगतो. लोक चोरून खातात, खाऊन नाकबूल होतात, पाच खाऊन दोन सांगतात. मामांनी उभ्या जन्मात असली लबाडी केली नाही. सात कचोऱ्या खाल्ल्या तर ते सात सांगत, आणि आठवी का खाल्ली नाही याचं कारणही सांगत. "तेल नवं होतं, भिया. नव्या तेलात कचोरीला वळण लागत नाही." ते एकदा कुणाच्या तेराव्याला गेले होते. गेलेला माणूस त्यांचा शाळेपासूनचा मित्र. मामा त्याच्या फोटोपुढे लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, मग हात धुऊन पानावर बसले आणि अकरा पुऱ्या खाल्ल्या. रडताना नुसते रडले आणि जेवताना नुसते जेवले. दोन्ही खरं होतं, म्हणून त्या घरातल्या कुणालाही त्यात गैर वाटलं नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरीला आलो आणि इंदूरचा जावई होऊन बसलो. माझे सासरे अबोल, त्यामुळे मुलगा पारखायचं काम मामांकडे आलं होतं. त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. समोर पोह्यांची बशी सरकवून म्हणाले, "शेव घेता?" मी घेतो म्हणालो. "किती?" मी चिमटीने दाखवली. मामांनी त्या चिमटीकडे बराच वेळ पाहिलं, मग भाचीकडे वळून हळूच म्हणाले, "सोच ले बेटा. बाकी लडका ठीक दिसून राहिला आहे." लग्न झालं. पुढे मला शेव मुठीने घ्यायची सवय त्यांनीच लावली.

त्यांचे पणजोबा संस्थानी दफ्तरात कारकून होते. त्या घराण्याकडून दोन गोष्टी मामांकडे आल्या असं ते सांगत, मोत्यासारखं अक्षर आणि मल्हारगंज मोहल्ल्यात वाढलेली जीभ. अक्षर त्यांनी एका सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं वापरलं, आणि जीभ सकाळी सातपासून. पोह्यांत बडीशेप कमी पडली की पहिल्या घासाला त्यांना कळायचं. दुकानदाराचं घरी भांडण झालंय हे ते जिलबीच्या पाकावरून ओळखायचे, आणि बहुतेकदा खरं निघायचं. अन्नपूर्णा मंदिरापासून पाच मिनिटांवर त्यांचं घर. दुपारच्या जेवणाला तिथे पाहुणा नसला तर मामांना चुकल्यासारखं होई. ते पानावर बसत तेव्हा मामी मागे उभ्या असत. मामी देवासच्या, अंगाने किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून "वाढू का?" याखेरीज दुसरं वाक्य ऐकल्याचं मला आठवत नाही.

व्हायचं ते होतच होतं. मामांचं वजन एकशे अडतीस किलोपर्यंत गेलं. साखर, रक्तदाब, गुडघे, सगळं एकेक करून मुक्कामाला आलं. दुपारी जेवून ते झोपत तेव्हा मध्येच त्यांचा श्वास थांबे. मामी जवळ बसून स्वेटर विणत आणि घोरणं बंद पडलं की सुईचं मागचं टोक त्यांच्या दंडाला टोचत. घोरणं पुन्हा सुरू झालं की मामींची सुई पुन्हा लोकरीत. माळव्यात थंडी ती किती, पण त्या घरात स्वेटर मात्र मोप झाले. आम्ही सगळे मामांना समजावत असू. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "बरोबर बोलून राहिले तुम्ही. एकदम बरोबर. बसा, आता खाऊनच जा."

मग एका उन्हाळ्यात मामी गच्चीवर कुरडया घालायला गेल्या आणि सांडलेल्या पाण्यावरून घसरल्या. मनगट मोडलं. त्यांनी वरून हाक मारली. मामा खालीच होते. गच्चीला अठरा पायऱ्या. मामा नऊ चढले आणि तिथे त्यांचा दम संपला. पुढे पाऊल उचलेना, मागे वळायला जिन्यात जागा नाही. ते तिथेच खाली बसले. वरून मामींची हाक येई, आणि मामा नवव्या पायरीवरून "आलो, आलो" म्हणत राहिले. शेवटी शेजारच्या भाभी हाका ऐकून धावत आल्या. जिना अरुंद, मामांनी किती अंग चोरलं तरी वाट होईना. तेव्हा "माफ करना भाईसाहब" म्हणत, त्यांच्या खांद्यावर हात टेकून, त्या त्यांना ओलांडून वर गेल्या.

मामींना प्लास्टर घालत होते तेव्हा मी मामांजवळ बाकावर बसलो होतो. त्यांना धीर यावा म्हणून समोरून गरम समोसे घेऊन आलो. त्यांनी पुडा उघडलाच नाही. म्हणाले, "ती बोलावून राहिली होती, जावईबापू. अन् मी जिन्यात बसलेलो. बरं, नुसता गेलो नाही एवढंच नव्हे. जी जात होती तिलाही रस्ता देऊ शकलो नाही." समोसे तसेच गार झाले. हे दृश्य मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला मामींच्या मनगटापेक्षा मामांचीच जास्त काळजी वाटली.

पंधरवड्याने त्यांनीच विषय काढला. पोट लहान करण्याच्या ऑपरेशनची माहिती त्यांनी कुठून तरी मिळवली होती. मी सोबत गेलो. सर्जनबाईंनी चित्र काढून दाखवलं, पोटाचा मोठा भाग काढून टाकायचा, राहील ती केळ्याएवढी पिशवी. मामांनी चित्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "केळं कोणतं, डॉक्टरसाहेब? आपलं नेहमीचं, का वेलची?" बाई हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे फक्त पातळ पदार्थांवर राहायचं होतं. ते सुरू होण्याआधी मामांनी एक दिवस मागून घेतला, आणि त्या दिवशी माझ्या गाडीतून शहरभर निरोप घेत फिरले. मला वाटलं होतं, शेवटचं म्हणून ते तुटून पडतील. पण त्यांनी कुठेही पोटभर खाल्लं नाही. प्रत्येक दुकानी एकेक घास खाल्ला, मालकाला बोलावलं आणि सांगितलं, "आता मी येणार नाही. तुमच्या मालात काही खोट नाही. मेरी तरफ से कोई शिकायत नहीं." रात्री सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं मिटून त्यांच्यापुढे खाण्याच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. तिथल्या दहीवड्यावाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि काळजीने म्हणाला, "बाबूजी, ऑपरेशन आपका है, पर धंदा तो हमारा बैठ जाएगा!" मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतरचे पहिले दिवस म्हणजे औषधाच्या चिमुकल्या मापातून दर पंधरा मिनिटांनी घोटभर पाणी, मग डाळीचं पाणी. मामा त्या मापातल्या डाळीच्या पाण्याचंही परीक्षण करत. "पहिल्या घोटाला हिंग आला. जिरं मात्र मागून येऊन राहिलं आहे." हळूहळू मऊ, मग घट्ट, मग साधं जेवण. नियम पुष्कळ. आधी डाळ, पनीर, उसळ असलं खायचं, पोळीभात मागाहून, जागा उरली तर. घास चमच्याच्या टोकावर बसेल एवढाच. पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, अर्धा तास आधी नाही, अर्धा तास नंतर नाही. मामांनी यासाठी आमच्या मुलीची उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा मागून नेला. वाटीचा पाऊण भाग भरला की त्यांचं जेवण. आमची पाच वर्षांची कन्या ती वाटी बघायला मुद्दाम जाई आणि "आजोबा, घासताना माझी घासतात तशी हळू घासा" असं बजावून येई.

पण सगळ्यात चमत्कारिक प्रकार असा की त्यांची भूकच गेली. असं होतं म्हणे, काही महिने. मामांना मात्र घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. साठ वर्षं जी दिवसातून सहा वेळा न चुकता आली ती येईना. ते दारात बसून तिची वाट पाहत. डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितलं होतं म्हणून त्यांनी फोनमध्ये गजर लावला. एकदा आमच्या घरी सत्यनारायणाच्या पूजेत ऐन आरतीला तो वाजला. मामांनी टाळ्या थांबवल्या, खिशातून वाटी काढली आणि भटजींना म्हणाले, "माफ करा गुरुजी. मला भूक नाही. घड्याळाला लागली आहे."

लग्नकार्यात फार पंचाईत होई. माळव्यात आग्रह असा करतात की नाही म्हणणारा शत्रू ठरतो. सुरुवातीला मामा प्रत्येक आग्रह करणाऱ्याला केळ्याएवढ्या पिशवीची गोष्ट सांगत, कागदी रुमालावर चित्र काढून देत. त्यात वाढणारे दहाजण खोळंबून राहत. मग त्यांनी युक्ती काढली. वाढलेलं सगळं घ्यायचं, डोळे मिटून वास घ्यायचा, यजमानाला दोन वाक्यांत नेमकी दाद द्यायची, आणि ताट अलगद माझ्याकडे सरकवायचं. दहा महिन्यांत मामा पंचेचाळीस किलोंनी उतरले आणि मी नऊ किलोंनी चढलो. माझ्या बायकोने हा व्यवहार ताबडतोब बंद पाडला.

या सगळ्या गडबडीत मामींकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांचा हात चाळीस वर्षांचा. कणीक मळायला बसल्या की परात भरल्याशिवाय तो थांबत नसे. पाऊण वाटी कशी शिजवतात हे त्यांना माहीतच नव्हतं. पातेलीच्या पातेली उरत, शेजारी जात, गाईला जात. मग एकेक पदार्थ बंद झाला. एका रविवारी मात्र त्यांनी दाल-बाफल्यांचा घाट घातला, आम्हालाही बोलावलं. बाफले म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले आणि तुपात बुडवलेले गोळे, शिवाय चुरमा, दोन चटण्या. मामांनी वाटीत डाळ घेतली, बाफल्याचा चिमूटभर तुकडा घेतला आणि वीस मिनिटांनी चमचा खाली ठेवला. "झालं?" मामींनी विचारलं. "झालं." मग ज्या आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या त्या आवाजात म्हणाल्या, "मग मी चाळीस वर्षं काय केलं?"

मामांनी ताट पुढे ओढलं. अख्खा बाफला कुस्करला आणि मोठमोठे चार घास भराभर गिळले, वर पाणी प्यायले. पाचव्या घासाला त्यांनी छाती धरली. कपाळावर घाम, तोंडाला फेस. पुढचा तासभर ते मोरीत ओकत होते आणि मामी त्यांची पाठ चोळत "नका हो, नका हो" म्हणत रडत होत्या. सुदैवाने आत इजा झाली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांची दवाखान्यात हजेरी लागली.

तिथली आहार सांगणारी मुलगी नागपूरकडची होती, जेमतेम पंचविशीची, पण तिने मामांना शाळामास्तरणीसारखं फैलावर घेतलं. मामा मान खाली घालून म्हणाले, "हिला वाईट वाटलं म्हणून खाल्लं." तेव्हा ती मुलगी मामींकडे वळली. "काकू, तुम्ही काय जेवता?"

मामींना प्रश्न कळला नाही. "यांचं झालं की बसते."

"हो, पण काय?"

"जे असेल ते."

"आवडतं काय तुम्हाला?"

मामींनी मामांकडे पाहिलं. मग त्या मुलीने तोच प्रश्न मामांना विचारला, "काका, काकूंना काय आवडतं?" मामांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इंदुरातल्या कुठल्या दुकानात कुठल्या साली बडीशेप बदलली हे सांगणारा हा माणूस त्या खुर्चीत असा बसला होता की मला त्यांच्याकडे पाहवेना.

त्यानंतर आठ दिवस त्यांनी मामींचा पिच्छा पुरवला. सकाळ-दुपार एकच प्रश्न. "मला सगळं आवडतं," म्हणून मामी टाळत. आठव्या दिवशी कंटाळून त्या म्हणाल्या, "एक सांगू? पोहे नाही आवडत मला. कधीच नाही आवडले." मामा धसकून खुर्चीत बसले. चाळीस वर्षं रोज सकाळी पोहे, आणि तेही इंदुरात! संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. "जावईबापू, तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. तिला पोहे आवडत नाहीत." आवाज असा की एखाद्या आजाराचं निदान सांगताहेत. मग म्हणाले, "तिला तिखट सांजा आवडतो. तिची आई करायची. रवा खमंग भाजून, वर ओलं खोबरं. आमच्याकडे आल्यापासून एकदाही केला नाही म्हणे. मी म्हटलं, का नाही केलास? तर म्हणते, तुम्ही विचारलं नाही."

मामांनी आयुष्यात कढईखाली काडी ओढली नव्हती. पहिला सांजा त्यांनी केला तो भिंतीला लावला असता तर पोपडे निघाले नसते. दुसरा करपला. चव बघायची तर चमच्याच्या टोकाएवढीच, त्यामुळे मीठ कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. पण पंधरा-वीस दिवसांत तो जमला, आणि एका सकाळी मी काही कामासाठी गेलो तेव्हा मामी टेबलापाशी बसल्या होत्या, समोर वाफाळता सांजा, आणि मागे मामा उभे. "वाढू का?" मामा विचारत होते. मामी लाजून लाल झाल्या होत्या. मग मामा आपली वाटी घेऊन समोर बसले. पाऊण वाटी संपवायला त्यांना चाळीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मामी बोलत होत्या. देवासची शाळा, आईचं आजारपण, न शिकता आलेली पेटी, काय काय. मामा पंचवीस वेळा चावत ऐकत होते. तोंडात घास असल्यामुळे त्यांना मध्ये बोलता येत नव्हतं, हे फार बरं होतं.

पुढे दीडेक वर्षाने भूक परतली. थोडं वजनही वाढलं, तेव्हा मामा घाबरून पहाटे उठून बसत. नागपूरच्या मुलीने त्यांना एक कसोटी शिकवली: खावंसं वाटलं की स्वतःला विचारायचं, आत्ता साधं मुगाचं वरण चालेल का? चालेल तर ती भूक. नाही तर नुसती आठवण. मामा हे इतकं मनापासून पाळतात की कधी कधी रस्त्यात मध्येच थांबून पुटपुटताना दिसतात. ऑपरेशनला घाबरलेली माणसं हल्ली त्यांना भेटायला येतात. मामा त्यांना खोटी आशा दाखवत नाहीत. "पोट कापतात भिया, जीभ तिथेच राहते," ते सांगतात. "करा जरूर. पण घरच्यांना पण सोबत घेऊन या. ऑपरेशन सगळ्यांचं होतं."

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं संध्याकाळी गराडू खायला गेलो होतो. थंडीतच मिळणारा हा कंद, तळून, वर तिखट मसाला, लिंबू. मामींनी प्लेट घेतली. मामांनी त्यातले दोन तुकडे घेतले, सावकाश संपवले आणि काडी टाकून दिली. मामी लिंबू मागायला गाडीपाशी गेल्या तेव्हा मी विचारलं, "मामा, आठवण येते का हो, पूर्वीच्या खाण्याची?"

ते कढईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चवीची नाही येत. चव आहे न, दोन तुकड्यात तेवढीच मिळते. पोट भरल्यावर आपण म्हणायचो न, थोडं अजून… त्याची येते. गरज नसताना घेतलेलं ते थोडं अजून. ते आता नाही आपल्याला." ते हसले. "चलो, ठीक है."

मामी परत आल्या. उरलेले तुकडे त्यांनी लिंबू पिळून पिळून खाल्ले, बोटं चाटली. मग रिकाम्या प्लेटकडे बघत संकोचून म्हणाल्या, "छान होतं नाही? अजून एक घ्यावी का… जाऊ दे, पोट भरलंय माझं."

मामा तोवर गराडूच्या गाडीपाशी पोहोचले होते.